तिसऱ्या वळणाचा जबाब

फॉर्मात एकच रेघ ठेवलीय:
अपघाताचे कारण.
रेघ वीतभर, पेन शिवशरणच्या खिशातलं.
त्याचा उजवा हात प्लास्टर होऊन गळ्यात.

कुंभारीच्या पुढं, माळावर, आपला ट्रॅक.
सात वळणं, एक सरळ पट्टा,
कुंपणापलीकडं कापलेली ज्वारी, कडब्याच्या गंजी,
आणि ऊन असं की दहा वाजताच
टायरला हात लावला तर चिकटतो.

कानात मास्तर होता.
मास्तर म्हणजे एक डबी, काड्यापेटीएवढी,
डॅशबोर्डला दुहेरी टेपनं डकवलेली.
माझ्या एकशेबारा फेऱ्या तिला तोंडपाठ.
कुठं मी उगाच धीट होते,
कुठं पाय आधीच ब्रेककडं सरकतो.

शनिवारी म्हणाली, पाच मीटर उशिरा.
मी पाच मीटर उशिरा.
घड्याळातून तीन दशांश गळाले,
मी पिटमध्ये सगळ्यांना उसाचा रस पाजला.
रविवारी म्हणाली, अजून पाच.
बाईचा आवाज, शांत,
बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.

वॉर्मअपलाच दिसलं होतं (हे लिहायचं का?):
रात्री कडब्याचा ट्रॅक्टर आडवा गेलेला,
तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी काळी माती, पिठासारखी,
वर दोन-चार धाटं.
शिवशरणनं झेंडाही धरला होता,
पिवळा, लाल पट्ट्यांचा: रस्ता निसरडा.
झेंडा मी पाहिला.
आवाज मी ऐकला.
दोन्हींच्या मधे वेळ होता.
थोडा होता, पण होता.

आत्ता नाही, ती म्हणाली. आत्ता नाही.
आत्ता.

मग टायरांची भिंत, धुरळा,
आणि भिंतीपलीकडं उडी टाकलेला शिवशरण,
मनगटावर पडलेला.
डबी चालूच होती.
म्हणाली, या वळणात तुमचा वेग कमी पडला.

घरी नायनांना सांगितलं.
यंत्रमाग सुटून नऊ वर्षं झाली,
पाय अजून ठेक्यात हलतो त्यांचा.
"आमच्या मागाला पण अक्कल होती," म्हणाले,
"ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडायची,
माग आपला आपण थांबायचा.
कधी पत्तीत कापूस अडकायचा. पडायचीच नाही.
चादर चार बोटं वाया.
मुकादम काय मागाला विचारणार?
चादरीवर नंबर माझा. बेचाळीस."
मग कडक भाकरी मोडली, चटणी ओढली,
घास तोंडाशी नेऊन थांबले:
"त्या पोराचं हाड सरळ बसलं का?"

ते मी विचारलंच नव्हतं.

आज तीनदा लिहिलं.
यंत्राच्या चुकीच्या सूचनेमुळे. खोडलं.
यंत्राची सूचना व चालकाचा अंदाज. खोडलं,
त्या 'व'च्या आडोशाला कुणीतरी बसलं होतं,
ओळखीचं.
तिसऱ्यांदा रेघ संपली, समासात गेले:
माती दिसली होती. झेंडा दिसला होता.
ब्रेक माझ्या पायाखाली होता.

डबी काढलेली नाही, गाडीतच आहे.
मातीतलं मला कळतं
असं ती कधी म्हणालीच नव्हती.

खाली साक्षीदाराची जागा.
शिवशरणनं डाव्या हातानं सही केली,
वाकडी, पहिलीतल्या पोरासारखी,
आणि पेन परत मागून घेतलं.