राहू दे

गल्ल्याशेजारी एक निळी टोपली असते.
तिच्यावर काही लिहिलेलं नाही,
पण आम्ही सगळ्या तिला 'राहू दे'ची टोपली म्हणतो.

आकडा चढत जातो,
माणूस पाकिटात बोटं घालून चाचपतो,
मग शाम्पू बाजूला, मग लोणी,
मग ते चॉकलेटचं अंडं, ज्याच्याकडे बघत
पोरगं इतका वेळ रांगेत उभं होतं, शहाण्यासारखं.
हे राहू दे. आणि हेही राहू दे.
बोलताना कुणी माझ्याकडे बघत नाही,
सरकत्या पट्ट्याकडे बघतात.

रात्री नऊला शटर अर्धं खाली येतं
आणि टोपली माझ्याकडे.
ज्याचं त्याचं होता होता राहिलं ते
मी पुन्हा फळीवर नेऊन ठेवते.
त्याआधी नवं लेबल. बंदूक टिक करते.
शाम्पू चारच तास टोपलीत होता,
तेवढ्यात साठ पेसोंनी मोठा झाला.
माझी पोरगी अख्ख्या वर्षात दोन बोटं वाढली.

नखांत डिंक बसलाय, लिंबानंही जात नाही.
जुनं लेबल काढावं तर खाली त्याहून जुनं.
मसूराच्या फळीवर एकदा खरवडत गेले,
सातव्या थराखाली इतका लहान आकडा निघाला
की हसूच आलं,
कुणाचा तरी बाळपणीचा उघडा फोटो सापडावा तसं.

टोपलीवरून मला आळी कळते.
मार्चमध्ये रोज चीज यायचं टोपलीत.
मे महिन्यात यायचं बंद झालं.
वाटलं, चला, बरे दिवस आले.
नाही,
लोक चीज उचलेनासेच झाले होते.

मागच्या दारातून पाराना दिसते.
आमच्या रोसारिओवरून गव्हाची जहाजं समुद्राकडे जातात,
पोट सांभाळत, सावकाश.
आत शेवयांचं पाकीट चौदाशेला.
(काल. आजचं अजून मी छापलेलं नाही.)

सेन्योर बासुआल्दो रेल्वेत सिग्नल सांभाळायचे.
पेन्शनच्या दिवशी येतात, टाय लावून,
कानामागे पेन्सिल, बेरीज घरूनच करून.
दर वेळी ती एका वस्तूनं चुकते.
एप्रिलमध्ये त्यांनी दाढीची पाती राहू दिली.
जूनमध्येही.
ऑगस्टमध्ये आले तेव्हा पांढरी दाढी
टायची गाठ झाकत होती.
"छान दिसते," मी म्हणाले.
"स्वस्त आहे," ते म्हणाले.

त्या रात्री मी ते पाकीट शोधलं,
त्यांनीच सोडलेलं, कुणीच न नेलेलं.
त्याच्यावरचे थर एकेक करून सोलले,
एप्रिलपर्यंत गेले
आणि थांबले.
मग ते सगळ्यांत पुढे ठेवलं.

पुढच्या पेन्शनला त्यांना ते दिसलं.
चष्मा वर करून, डोळ्यांशी नेऊन त्यांनी वाचलं.
पेन्सिलीनं वहीत काहीतरी खोडलं
आणि रांगेत आले, ताठ.

पण यंत्र लेबल वाचत नाही.
ते काळ्या रेघा वाचतं,
आणि रेघांना एप्रिल माहीत नाही.
पडद्यावर आकडा आला.
त्यांनी लेबल पाहिलं, पडदा पाहिला, मला पाहिलं.
मी नीटच असलेल्या पिशव्या पुन्हा नीट करत होते.

त्यांनी नखानं हळूच लेबल सोडवलं,
कोपरासुद्धा फाटू न देता,
आणि वहीत चिकटवलं, त्या दिवसाच्या पानावर.
"पाती राहू दे," म्हणाले.

रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

नऊ वाजता टोपली आली.
वर तेच पाकीट, कपाळावर कोरा चौकोन.
मी यंत्रात भाव बघितला,
मग पुन्हा बघितला.
सकाळपेक्षा वीस जास्त.
टिक.