एका बाजूला दोघे

पपा, टनभर दगड फोडला की चार ग्रॅम निघतं,
हे तुम्हीच सांगितलं होतं मला
फोकेंगच्या अंगणात, गमबूट उपडे करून
आतलं पाणी ओतताना.
मग उरलेला दगड? मी विचारलं होतं.
तुम्ही हनुवटीनेच पलीकडची राखाडी टेकडी दाखवली.
आपल्याकडे डोंगर वाढतात, म्हणालात.

आज प्रिटोरियात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्यासमोर त्यातलंच लाल मीठ आहे, पाव ग्रॅम.
बाटली उघडताना मी श्वास रोखते.
भक्तीने नाही;
उडालं तर डॉक्टर फान स्ताडेन हिशेब मागतील.
शिवाय चारला वीज जाणार, त्याआधी वजन करायचंय.

प्लॅटिनमला चार हात, सगळे एकाच पातळीत,
जमिनीवर खडूने काढलेल्या फुलीसारखे.
दोन हातांत अमोनिया, घट्ट.
दोन हातांत क्लोरीन, सोडण्यापुरता सैल.
रक्त खारट, तोवर क्लोरीन जागा सोडत नाही.
पेशीच्या आत मीठ कमी.
तिथे तो उठतो, त्याच्या जागी पाणी येऊन बसतं,
पाणीही फार टिकत नाही,
आणि रिकाम्या हातांनी हा धातू
जनुकांच्या शिडीच्या लगतच्या दोन पायऱ्या धरतो.
शिडी वाकते.
वाकल्या शिडीची नक्कल पेशीला जमत नाही,
ती मरते.
गाठीतली मरते, पपा, आणि मूत्रपिंडातलीही.
त्या दुसरीसाठीच तर मला पगार मिळतो.

आणि तेच चौघे समोरासमोर बसवले,
अमोनियासमोर अमोनिया, क्लोरीनसमोर क्लोरीन,
तर वजन तेच, पिवळेपणा जवळजवळ तोच,
फक्त औषध नाही.
दोन सैल हात एकाच बाजूला हवेत.

तुम्ही आणि आई जन्मभर टेबलाच्या दोन टोकांना बसलात,
मध्ये बोगोबेचं भांडं.
शेवटच्या वर्षी तुम्ही खुर्ची ओढून
तिच्या बाजूला आलात.
प्रेमाने वगैरे नाही,
चमचा तिच्या तोंडापर्यंत न्यावा लागायचा म्हणून.
क्लेर्क्सडॉर्पच्या वॉर्डात तिच्या पिशवीवर
तपकिरी कागद गुंडाळलेला असायचा.
यात प्लॅटिनम असतं, नर्स म्हणाली.
तुम्ही हसलात, त्या महिन्यात पहिल्यांदाच:
माझ्या पगारातून कापलंय की काय?
आईही हसली. मग तिला उलटी झाली.

आता सेहेचाळीस नंबरचं सांगते.
अमोनियाच्या जागी मी एक मोठं, अंगाने रुंद रेणू बसवलं होतं,
मूत्रपिंडाच्या दारात अडकावं असं.
ओलेबोखेंगने सात महिने ते पेशींवर घातलं.
पेशी मजेत. वाढतच राहिल्या.
काल रात्री कळलं, का ते.
पाण्यात विरघळेना म्हणून त्याने डीएमएसओ घेतलं होतं,
आणि विरघळवणाऱ्यानेच आपल्या गंधकाने
धातूचा हात धरून ठेवला.
सात महिने आम्ही दुसऱ्याच कुणाला तपासत होतो.

तो वहीतलं पान फाडायला निघाला.
मी म्हटलं, ठेव. तारीख घाल, खाली सही कर.
मग दोघांनी उभ्या उभ्याच चिप्स खाल्ले.

आज पुन्हा सेहेचाळीस. साध्या मिठाच्या पाण्यात,
हळू, जितकं विरघळेल तितकंच.

संध्याकाळी तुमचा फोन येतो.
झालं का तयार?
नाही, म्हणते.
किती आहे तुझ्याकडे?
चार मिलिग्रॅम.
तुम्ही थांबता. मनात भागाकार चाललेला असणार.
एवढंसं ठेवतेस कुठे, पोरी? हरवेल.
फॉइलमध्ये गुंडाळून, म्हणते,
उजेड लागू नये म्हणून.
त्यावर तुम्ही काही बोलत नाही.
मागे कुणाचा तरी कोंबडा ओरडत राहतो, अवेळी.