मुरूम

एल्बर्टनच्या बाहेर, हायवे रुंद करताना
टेकडीची एक कूस कापून ठेवलीय.
लांबून अख्खा ग्रॅनाइट वाटतो,
कणांची नक्षी जिथल्या तिथे,
पांढऱ्या शिरेची तिरकी रेघसुद्धा.
मी बोट लावलं, तर बोट आत गेलं.

वेंडेल फोर्टसन हसला.
एकेचाळीस वर्षं तो थडग्यांचे दगड घासतोय.
"हा मेलेला. आमच्या कामाचा नाही."
आमच्याकडे याला मुरूम म्हणतात, मी म्हटलं,
अंगणात पसरतात, चोपतात, वरून सारवतात.
सारवणं म्हणजे काय ते मात्र सांगता येईना.

प्रयोगशाळेत मी रोज हेच मोजते.
आधी काळं अभ्रक सैल पडतं,
भिजलेल्या वहीसारखं पान पान फुगतं,
त्यातलं लोखंड गंजतं
आणि टेकडी लाल होते, धुऊन न जाणारी लाल.
मग फेल्डस्पार.
मुळांच्या श्वासानं आंबटलेलं पाणी
मीठ मागायला येणाऱ्या शेजारणीसारखं येतं,
आज वाटीभर सोडियम, उद्या चिमूट पोटॅशियम,
परत काही आणून देत नाही.
उरते जिभेला चिकटणारी पांढरी माती.
गारगोटी तेवढी हट्टानं गारगोटीच.
आकार तोच. वजन जवळपास निम्मं.

"लॉरीनचा खड्डा खणला," वेंडेल म्हणाला,
"तेव्हा खाली हीच नक्षी होती.
सहा फूट दगड, आणि फावडं कुठे अडलं नाही."
वर त्यानं स्वतः कोरलेला निळा ग्रॅनाइट उभा केलाय.
तिच्या नावाशेजारी त्याचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे घासून ठेवलेली कोरी जागा.

याचं ते व्हायला किती लागेल, त्यानं विचारलं.
इथली हवा कोकणासारखी दमट,
तरी मीटरभराला लाखेक वर्षं, मी म्हटलं,
थोडं इकडेतिकडे.
"माझा आठ इंच आहे."
ओठ हलवत त्यानं हिशोब केला. "वीस हजार."
नाही, उघडा दगड पाणी झटकून टाकतो,
तो टिकतो. पुरलेला विरतो.
तो काही बोलला नाही.
पिकअपच्या टपावर बोटांनी ताल धरून राहिला.

पुढच्या रविवारी चर्चमागून जाताना पाहिलं,
दगडाच्या पायथ्याशी ओली लाल माती
वीतभर चढवलेली, थापटलेली,
वर पाच बोटांचे ठसे.
फक्त त्याच्या बाजूला.