प्रश्न क्रमांक सतरा

हजिऱ्याच्या चौकात टेम्पो सोडला की
बंद गिरणीच्या भिंतीला धरून चालायचं,
गजक कुटणाऱ्याची मुसळी ऐकू येईनाशी होईपर्यंत.
मग दवाखाना. एक मंगळवार सोडून एक मंगळवार.
माझ्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, दोन पेनं
आणि पाठ केलेलं एक वाक्य :
तुमचं नाव कुठेही येणार नाही.

खाली रांग. तो माझा पहिला गट.
लाकडी बाक, एकेकीला तीन मिनिटं
(घड्याळ लावून मोजलीत),
वजन, गोळ्या, चल, पुढची.
वर गच्चीवर, थंडीतल्या उन्हात, सतरंजी.
तो दुसरा. बाराजणी गोल बसलेल्या,
पोटांमुळे गोल जरा लांबटच.
कोण खाली, कोण वर, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं.
माझ्याच हातानं.

वर शितोळे सिस्टर फारसं बोलत नाहीत.
जी ती आपली काट्यावर चढते, आपला आकडा आपण लिहिते.
मिथलेश पाच उलटा काढते,
फरहाना तिला कोपरानं ढोसते.
रामबेटी शेजारणीच्या दंडाला पट्टा गुंडाळते,
फुगा दाबते, नळ्या कानात घालून थांबते,
विहिरीत कळशी कुठवर गेली ते ऐकावं तशी.
कुणाची सासू अंडं खाऊ देत नाही,
कुणाला रात्री माती खावीशी वाटते,
कुणाचा नवरा सुरतेहून फोन करतो
आणि काहीच बोलत नाही.
यातल्या कशालाच माझ्याकडे रकाना नाही.

प्रश्न सतरा : या बैठकीचा तुम्हाला किती उपयोग झाला?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे खूप.
"पाचच?" मिथलेश म्हणाली. "मला तर सातवा लागलाय."
सगळ्या इतक्या हसल्या
की दोघींना उठून मोरीकडे धावावं लागलं.
मी लिहिलं, पाच.

जानेवारीत एकदा यंत्राचा फुगाच फाटलेला.
बसल्या बसल्या फरहानानं
रामबेटीच्या नडगीवर अंगठा रोवला, उचलला.
खड्डा तसाच.
"मोजा गं," ती म्हणाली, आणि सगळ्या मोजू लागल्या,
मोठ्यानं, पोरं लपाछपीत मोजतात तशा.
तीसपर्यंत आवाज होता.
चाळिसाला नव्हता.

त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात नेली.
ती वाचली. मूल नाही.
फॉर्मवर मी लिहिलं : वगळली, कारण क्रमांक तीन.

पुढच्या बैठकीला सतरंजीवर एक जागा रिकामी.
ऊन सरकत होतं तशा सगळ्या सरकत होत्या,
त्या जागेसकट.
मग जिन्यावर चपला वाजल्या.
रामबेटी. छाती ओढणीनं करकचून बांधलेली.
बसली. कुणी काही विचारलं नाही.
तिनं नवं यंत्र ओढलं, मिथलेशचा दंड घेतला,
कळशी खाली सोडली, ऐकलं.
"एकशे दहा, सत्तर," म्हणाली. "लिही. पाच सरळ काढ."
त्या आकड्यात पाच नव्हताच.
तरी मिथलेशनं मान हलवली.

अहवाल झाला.
बाळांचं वजन : लक्षणीय फरक नाही.
रक्त : किंचित बरं.
बाकी : संख्या अपुरी, अधिक अभ्यासाची गरज.
सगळं खरं आहे. मी दोनदा तपासलंय.
खालच्या बाकावर किती जणींचे पाय सुजले होते
ते लिहिलेलं नाही.
कुणी दाबून पाहिले नव्हते.

लष्करातल्या खोलीत रात्री मोजे काढते,
नडगीवर अंगठा ठेवते, उचलते.
एक. दोन.
भरला.
पुन्हा दाबते,
मोजायला दुसरं कुणी नाही म्हणून
जरा मोठ्यानं.