दार

"गरज पडली तर हे दार उघडाल ना?"
ट्रेसा नावाच्या हवाईसुंदरीनं विचारलं
आणि मी 'हो' म्हटलं,
बँकेच्या फॉर्मवर सही करावी तसं, न वाचता.
मला गुडघ्यांना जागा हवी होती.
त्यासाठी एकोणचाळीस डॉलर जास्तीचे मोजले होते.

मिलवॉकी. फेब्रुवारी. पहाटेचं विमान.
पंखांवरचा बर्फ जावा म्हणून केशरी औषध फवारलेलं,
ते अजून काचेवरून ओघळत होतं.
म्हणून आधी वाटलं, तोच रंग आहे.

मग धाडकन.
सगळ्यांच्या माना एकदमच पुढे लवल्या.
धावपट्टी संपायच्या आत आम्ही थांबलो,
आणि आग पंखावरून चालत आली,
तिला काहीच घाई नव्हती.

"उघड! उघड ना, बाई!"
मागच्या रांगेतला वोज्चिक
(नाव नंतर कळलं)
माझ्या खांद्यावरून हँडलकडे हात घालत होता.
सीटच्या खिशातल्या कार्डावर एक चित्र होतं:
खिडकीबाहेर ज्वाळा, दारावर फुली.
चष्म्याशिवाय मला तेवढंच दिसलं होतं.

मी वळले
आणि दाराला पाठ लावली.

पाठ तापत गेली. आधी उन्हात वाळलेल्या रजईइतकी,
मग तव्याइतकी.
"नको, नको," मी म्हणत होते. मराठीत म्हणत होते,
हेही नंतर कळलं.
एक कोपर बरगडीत बसलं. शिव्या तर किती.
इतक्यात पलीकडचं दार उघडलं,
थंडगार हवा आत आली
आणि गर्दी माझ्यावरून सुटली.

मी शेवटून तिसरी.
डाव्या पंखावरून बसूनच घसरले,
नव्या गुडघ्यांना न विचारता.

खाली बर्फात सगळे उभे.
कुणी लॅपटॉप पोटाशी धरलेला,
कुणाच्या कडेवर दुसऱ्याचंच मूल.
ट्रेसा मोजत होती, चुकत होती, परत मोजत होती.
माझा एक बूट आतच राहिला होता.
वोज्चिक आला. बोलला काहीच नाही.
डोक्यावरची लोकरी टोपी काढून
वाकून माझ्या पावलावर चढवली
आणि धुराकडे तोंड करून उभा राहिला.

कंपनीचं पत्र आलं, 'सहकार्याबद्दल आभार'.
एकोणचाळीस डॉलरही परत.

हल्ली बेल वाजली की
आधी दारावर पालथा हात ठेवते.
मुलगी हसते.

टोपी कपाटात आहे.
तिच्यावर कुठल्याशा हॉकी संघाचं नाव.
तो खेळ मला अजून कळत नाही.