पोटाखालचा पत्रा

आर्नो काका गाडीखाली आधी बघतच नाही.
आधी जमीन बघतो.
टाच रुतवतो, थुंकतो,
ओघळ कुठे जातो ते न्याहाळतो.
"इथे नको. चाळीस पावलं पुढे घे."
पंक्चर टायरवर चाळीस पावलं!
फडफडत नेली कशीबशी,
आणि मागच्या हौद्यातून दोन्ही कुत्री
माझ्याकडे अशी बघत होती
जणू खिळा मीच पेरला होता.

विनेमकाच्या उत्तरेला, खारवट मैदानाच्या काठी.
ऑक्टोबर. चार वाजून गेलेले.
मेंढ्या वर टेकडीवर, विल्मरजवळ,
आणि विल्मरचं पाणी आमच्या गाडीत.

पहिला गिअर. हँडब्रेक.
तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड.
"नट आत्ताच सैल कर, माइते,
चाक टेकलंय तोवर. अर्धा फेरा, बस.
काढायचे नाहीत,
नुसतं सांगून ठेवायचं त्यांना."

मग मी पालथी पडते आणि तो समोर येतो:
नाकापासून गिअरबॉक्सपर्यंत पसरलेला काळा पत्रा,
ओरखड्यांनी भरलेला, रुंद, ऐटबाज.
जॅक आपोआप त्याच्याकडेच सरकतो.

"तो नाही."

काका उकिडवा बसतो, गुडघे कुरकुरतात.
"तो दगड अडवायला आहे, भार घ्यायला नाही.
चार बोल्ट, आणि वर नुसती हवा.
वाकेल. घसरेल. घसरताना हाकही देणार नाही.
मागे बघ. आणखी मागे.
तो दांडा, चिखलाने लिंपलेला,
गाडी विकत घेताना कुणी बघत नाही तो."

दाखवतो उजव्या हाताने,
ज्यात करंगळी नाही, तिची शेजारीणही नाही.
कुणी विचारलं तर कधी म्हणतो लांडगा,
कधी म्हणतो लग्न.
खरं मला आजीने सांगितलंय:
त्या आठवड्यात पत्रा नवा होता,
त्याने स्वतः कापलेला, स्वतः जोडलेला.
त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

फळी. फळीवर जॅक.
दांड्याला डोकं टेकलं, मी दोनदा दाबलं,
स्प्रिंग कण्हली, टायरची सुरकुती सुटू लागली
आणि वर काहीतरी धडपडलं.
कुत्री.
काका काही बोलला नाही.
त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं.
माझ्या कधी येतं, ते बघत होता.

खाली घेतलं. कुत्री उतरवली. पाण्याचे कॅनही.
पुन्हा फळी, पुन्हा दांडा.
वर गेल्यावर शेजारी स्टँड सारला,
जॅक जरासा सोडून भार त्याच्यावर दिला.
"आता खांदा लाव. हलव.
पडायचीच असेल तर आत्ता पडू दे,
आपण बाहेर असताना."
हलवली.
नाही पडली.

चाक बदलायला लागली अकरा मिनिटं.
त्याच्या आधीच्या सगळ्याला पाऊण तास.

हात पुसता पुसता काकाने वाकून
पत्र्यावरचं वाळकं ढेकूळ नखाने उडवलं,
घोड्याच्या मानेवरची माशी उडवावी तसं.

वर विल्मरने कंदील लावला होता.
त्याला वाटलं असेल, आम्ही विसरलो.