वजनाची वही

पूर्णगडच्या अंगणवाडीत पटावर एकोणीस पोरं,
विसावी रूपसरा.
डिसेंबरात आली, चालत,
बापाच्या गोफणीची दोरी धरून.
बाप हर्कबहादूर, लिमयांच्या कलमांत वानर हाकतो.
आई बिस्ना फवारणीचा पाइप ओढते.
राहतात पंपाच्या खोलीत.

जन्मगाव लिहायला मी पेन उघडलं.
त्याने एक नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं,
मग हातानेच दाखवलं: वर, अजून वर.
रकाना बोटभर रुंद.
मी लिहिलं, नेपाळ.
तेवढंच मावलं.

पहिला महिना पोर बोललीच नाही.
उसळ खायची, वाटी पुसून ठेवायची,
दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावायची.
मग एका दुपारी आमच्या मदतनीस शेवंतीला म्हणाली,
"माजी वाटी कुटं ठेवलंस गो?"
शेवंती हसता हसता खालीच बसली.

आता घरातली दुभाषी तीच. साडेचार वर्षांची.
दुकानात, एसटीत, सरकारी दवाखान्यात
आई तिच्या कानात सांगते, ती जगाला सांगते,
आणि सुक्या बांगड्याचे दोन रुपये
स्वतःच्या अकलेने कमी करून घेते.

काल वजनं केली. चौदा किलो तीनशे.
आकडा टाकताना पेन उगाच थांबलं.
माझा नातू दोहाला, हिच्याच वयाचा.
त्याचं वजन कुठल्या वहीत असेल,
कोणाच्या अक्षरात?
व्हिडिओवर तो मला टाटा करतो,
फोन लागल्या लागल्या.

बिस्ना दाराशी घुटमळत होती.
पोरीने तिचं ऐकून घेतलं, माझ्याकडे वळली:
"बाई, आई इचारते, हा रातचा कधी थांबतो?"
कोण गो?
तिने समुद्राकडे बोट केलं.

थांबत नाही, म्हटलं. सवय होते.

माझे चार शब्द. तिने मात्र आईला
बराच वेळ, हातवारे करून सांगितलं.
त्यात काय काय घातलं कोण जाणे,
बिस्ना हसली, पदराने तोंड झाकून.

रात्री मी जागी.
छप्पन्न वर्षं याच वाडीत,
आणि पहिल्यांदाच ऐकत पडले.
एक लाट. मग गप्प.
आता नाहीच येत म्हणेपर्यंत दुसरी.

दोहालाही समुद्र आहे म्हणतात.
लाटा नसतात म्हणे फारशा.